राऊल पेक यांचे चित्रपट : निर्वासन आणि प्रतिमांची मालकी

प्रस्तावना :
हैतीत जन्मलेले दिग्दर्शक राऊल पेक (जन्म १९५३) यांचा उल्लेख प्रामुख्याने 'राजकीय चित्रपटकार' असा केला जातो. ही ओळख अपुरी आहे. पराभूतांच्या इतिहासाची छायाचित्रे व चित्रफिती कोणाच्या ताब्यात असतात, हा प्रश्न त्यांच्या निर्मितीच्या मुळाशी आहे. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने त्यांच्या निवडक चित्रपटांचा विचार केला आहे.

जडणघडण :
दुव्हालिए यांच्या हुकूमशाहीमुळे १९६१ मध्ये पेक कुटुंबाने हैती सोडून काँगो गाठले. नवस्वतंत्र काँगोला फ्रेंच जाणणाऱ्या सुशिक्षितांची निकड होती. पुढे पेक यांनी अमेरिका, फ्रान्स व जर्मनीत शिक्षण घेतले. १९८८ मध्ये त्यांनी बर्लिनच्या चित्रपट अकादमीची पदवी मिळविली. १९९६-९७ मध्ये ते हैतीचे संस्कृतिमंत्री होते.

विवेचन :
'लुमुंबा : डेथ ऑफ ए प्रॉफेट' या माहितीपटात १९६१ मध्ये हत्या झालेल्या काँगोच्या पहिल्या पंतप्रधानांचा शोध आहे. काँगोत चित्रीकरण शक्य न झाल्याने कॅमेरा ब्रुसेल्सच्या रस्त्यांवर फिरतो. लुमुंबांच्या जुन्या चित्रफितींसाठी मागितलेली भरमसाट किंमत निवेदनातच सांगितली जाते. वसाहतवादाने जमिनीबरोबर स्मृतीही हिरावल्या, हे येथे युक्तिवादाविना प्रत्ययास येते. ही उणीव पेक आईच्या आठवणींनी व घरगुती चित्रणाने भरून काढतात. याउलट 'लुमुंबा' (२०००) या कथापटात सर्व प्रसंग अभिनयातून उभे राहतात. परिणामी कथानक ओघवते होते. परंतु नायककेंद्री मांडणीत मूळ प्रश्न मागे पडतो.

'आय ॲम नॉट युअर नीग्रो' (२०१६) मध्ये जेम्स बाल्डविन यांच्या अपूर्ण हस्तलिखिताला दृश्यरूप मिळाले. हॉलिवूडच्या जुन्या दृश्यांवर बाल्डविन यांचे शब्द येताच त्याच प्रतिमा आपल्या निर्मात्यांविरुद्ध साक्ष देऊ लागतात. 'अर्नेस्ट कोल : लॉस्ट अँड फाउंड' (२०२४) हा निर्वासित दक्षिण आफ्रिकी छायाचित्रकारावरील माहितीपट. त्याच्या हजारो निगेटिव्ह स्वीडनमधील बँकेच्या तिजोरीत सापडल्या होत्या. निर्वासन आणि प्रतिमांची मालकी हे दोन्ही धागे येथे एकत्र येतात.

निष्कर्ष :
पेक यांचे सामर्थ्य त्यांच्या विषयांपेक्षा अभावाच्या हाताळणीत अधिक आहे. उपलब्ध नसलेली प्रतिमा लपविण्याऐवजी ते तिच्या अनुपलब्धतेचे कारण दाखवितात. म्हणूनच त्यांचे माहितीपट कथापटांहून अधिक टिकाऊ ठरतात. निर्वासिताला मायभूमीबरोबर तिची चित्रेही गमवावी लागतात. ती परत मागणे हा न्यायाचाच भाग होय, हे त्यांच्या चित्रपटांतून अधोरेखित होते.