‘बिघाड’, ‘ऱ्हास’ आणि ‘निगा’ : टरबाइनांच्या देखरेखीच्या परिभाषेची चिकित्सा

१

वाफ, वायू किंवा पाणी ह्यांच्या प्रवाहाने फिरणारी टरबाइने आणि हवा वा वायू दाबणारे फिरते संपीडक ह्यांच्या देखरेखीचे आता एक स्वतंत्र शास्त्र झाले आहे. यंत्र चालू असतानाच त्याचे दाब, तापमान, प्रवाह, कंपन आणि शक्ती मोजावयाची, आणि त्या मोजमापांवरून ते केव्हा थांबवून उघडावयाचे हे ठरवावयाचे, हा त्या शास्त्राचा गाभा होय. नेमून दिलेले तास भरले की यंत्र उघडावयाचे, ही जुनी रीत सर्वस्वी निर्दोष नव्हती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या सागरी गस्तीच्या विमानांचा अभ्यास करताना सी. एच. वॉडिंग्टन ह्यांना असे आढळले की, नियत तपासणीनंतर लगेचच बिघाडांचे प्रमाण कमी न होता वाढते. उघडण्यातही धोका असतो आणि न उघडण्यातही असतो; म्हणूनच मोजमापांचा अर्थ लावणे अटळ ठरते.

अर्थ लावणे म्हटले की भाषा आली. ह्या शास्त्राच्या परिभाषेचा आंतरराष्ट्रीय कोश आय. एस. ओ. १३३७२ ह्या मानकाच्या रूपाने २००४ साली प्रथम निघाला व २०१२ साली सुधारण्यात आला. अशी परिभाषा मराठीत आणताना नामाला नाम, संज्ञेला संज्ञा योजली की काम झाले, असे गृहीत धरण्याकडे कल असतो. हे गृहीत कितपत टिकते, हे येथे तपासावयाचे आहे.

२

ह्या परिभाषेतील पहिला महत्त्वाचा भेद ‘फेल्युअर’ आणि ‘फॉल्ट’ ह्यांचा आहे. पहिली संज्ञा घटनेची आहे : यंत्राची अपेक्षित काम करण्याची क्षमता ज्या क्षणी संपते तो क्षण. दुसरी स्थितीची आहे. मराठीत ह्या दोहोंसाठी ‘बिघाड’ हा एकच शब्द सर्रास चालतो. ‘बिघाड झाला’ ही घटना, ‘बिघाड आहे’ ही स्थिती. नाम तेच, भेद दाखविण्याचा भार सर्वस्वी क्रियापदावर.

हा भेद केवळ कोशकारांपुरता नाही. रशियातील येनिसेई नदीवरील सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्रात १७ ऑगस्ट २००९ रोजी सकाळी दुसऱ्या क्रमांकाच्या संचाचे झाकण उखडले, यंत्रशाळेत पाणी शिरले आणि ७५ माणसे मृत्युमुखी पडली. झाकण धरून ठेवणाऱ्या स्टडांपैकी ४९ तपासण्यात आले. त्यांपैकी ४१ मध्ये धातूच्या थकव्याने पडलेल्या भेगा आढळल्या. उखडणे ही घटना क्षणाची होती. भेगा ही स्थिती मात्र आधीपासून वाढत आलेली होती. त्याच वर्षाच्या आरंभी ह्या संचाची नियोजित दुरुस्ती झालेली होती, हे विशेष ध्यानात घ्यावयास हवे. सरकारी चौकशी अहवालाने कंपन अनुज्ञेय मर्यादेच्या कित्येक पट झाल्याचे आकडे पुढे मांडले. ते देणाऱ्या संवेदकावर कितपत विसंबावे ह्याविषयी पुढे तज्ज्ञांत वाद झाला. आकडा नोंदला गेला होता. त्याचे वाक्य मात्र वेळेवर झाले नव्हते.

३

दुसरी अडचण ‘कार्यमान’ आणि त्याचा ‘ऱ्हास’ ह्या शब्दांची आहे. वायू-टरबाइनची शक्ती हवेच्या तापमानावर अवलंबून असते. मानक स्थिती म्हणून १५ अंश सेल्सिअस धरतात. हवा तापली की ती विरळ होते व यंत्रात कमी वस्तुमान शिरते. दर अंशामागे शक्ती साधारणपणे अर्ध्या टक्क्यापासून जवळजवळ एक टक्क्यापर्यंत घटते. उरणच्या वायुविद्युत केंद्रासारख्या ठिकाणी हवा जवळजवळ वर्षभर १५ अंशांहून उष्ण असते. पारा ३५ अंशांवर गेला तर यंत्रात काहीही दोष नसताना शक्ती दहा टक्के वा त्याहून अधिक खाली येऊ शकते. संपीडकाच्या पात्यांवर मळ बसल्याने होणारी घट पुष्कळदा ह्याहून लहान असते. ती उन्हाळ्याच्या आड सहज लपते.

म्हणून ‘शक्ती कमी आहे’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या पुरे असले तरी अर्थदृष्ट्या अपुरे आहे. ‘कमी’ ह्या शब्दाला ‘पेक्षा’ची अपेक्षा असते. कशापेक्षा कमी? कालच्यापेक्षा, की आजच्याच तापमानाला, आजच्याच दाबाला, यंत्र निर्मळ असते तर जी मिळाली असती त्या शक्तीपेक्षा? निर्णयाला उपयोगी पडतो तो केवळ दुसरा अर्थ. आणि अभियंते जिला ‘दुरुस्त केलेली किंमत’ म्हणतात ती ह्या गाळलेल्या ‘पेक्षा’ची भरपाईच होय.

‘ऱ्हास’ हा शब्द आणखी एक भेद झाकून टाकतो. संपीडकाची पाती मळतात, तशीच ती झिजतातही. दोहोंचा परिणाम प्रथमदर्शनी सारखाच : हवेचा प्रवाह आणि कार्यक्षमता घटते. परंतु मळलेले धुता येते; झिजलेले धुऊन भरून येत नाही. यंत्र चालू असताना वा थंड करून संपीडक धुतल्यानंतर जितकी शक्ती परत येते तितकी मळाची, आणि जी येत नाही तिच्यासाठी झीज, वाढलेल्या फटी अशी कारणे शोधावी लागतात. ‘मळणे’ आणि ‘झिजणे’ ही दोन साधी घरगुती क्रियापदे जो निर्णय स्पष्ट करतात, तो ‘ऱ्हास’ हे भारदस्त नाम पुसट करते. परिभाषेच्या प्रतिष्ठेपायी हे नुकसान सोसणे योग्य होणार नाही.

४

कंपनाच्या तीव्रतेची श्रेणी हे ह्या परिभाषेचे तिसरे क्षेत्र. जर्मन अभियंत्यांच्या संघाने १९६४ साली काढलेल्या व्ही. डी. आय. २०५६ ह्या निर्देशपत्रात चार पायऱ्या शब्दांत दिल्या होत्या : ‘चांगले’, ‘उपयोगी’, ‘अद्याप अनुज्ञेय’ आणि ‘अननुज्ञेय’. पुढे १९७४ च्या आय. एस. ओ. २३७२ मध्ये आणि १९९५ च्या आय. एस. ओ. १०८१६ मध्ये त्यांच्या जागी ए, बी, सी, डी ही अक्षरे दिसतात. (ह्या दुसऱ्या मानकाच्या सर्वसाधारण भागाची जागा २०१६ साली आय. एस. ओ. २०८१६ ने घेतली.) अक्षरे सर्व देशांत चालतात, हा त्यांचा लाभ निर्विवाद आहे. पण तिसऱ्या पायरीवरचे ‘अद्याप’ हे कालवाचक अव्यय ह्या बदलात गळाले. ‘अद्याप’मध्ये इशारा होता : मुदत चालू आहे आणि ती संपणार आहे. ‘सी’ ह्या अक्षराला काळ नाही. मानकाच्या स्पष्टीकरणात काळ येतो खरा : असे यंत्र दुरुस्तीची योग्य संधी मिळेपर्यंत मर्यादित काळ चालवावे, असा त्याचा आशय आहे. परंतु संधी योग्य की अयोग्य हे कोणी ठरवावयाचे, आणि मर्यादा किती, हे त्यात नाही. सर्वसाधारण मानकाने ते सांगावे अशी अपेक्षाही नाही. मात्र नोंदवहीत केवळ अक्षर उतरले की ते सांगण्याची जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

मानकाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. कंपनाच्या मोठेपणाइतकाच त्यातील बदलही त्याने विचारात घेतला आहे. ‘बी’ क्षेत्राच्या वरच्या मर्यादेच्या २५ टक्क्यांहून अधिक बदल झाला, मग ती वाढ असो वा घट, तर क्षेत्र न ओलांडताही कारण शोधावे असे ते सुचविते. मराठी क्रियापद हाच भेद सहज दाखविते. जे यंत्र नेहमीच ‘थरथरत असते’ ते वेगळे, आणि जे ‘थरथरू लागले’ ते वेगळे.

५

‘यंत्राचे स्वास्थ्य’ हे अलीकडे रूढ होत असलेले रूपकही तपासून घ्यावे लागते. ते स्थिती आणि कार्यमान ह्यांना एकाच गुणात बांधते. वस्तुतः मळलेला संपीडक शांतपणे फिरत राहून इंधन वाया घालवू शकतो. उलट भेग पडलेला भाग तुटेपर्यंत यंत्र पुरी शक्ती देऊ शकते. एकाच ‘स्वास्थ्यांका’त ह्या दोहोंची सरासरी काढली तर एकाचा चांगुलपणा दुसऱ्याचा धोका झाकील.

ह्या विवेचनावरून मराठी परिभाषेपुढील कार्य निराळे दिसू लागते. नवी नामे घडविणे आवश्यक आहेच. परंतु नोंदीचे वाक्य घडविणे त्याहून निकडीचे आहे. त्या वाक्यात तुलनेचा ‘पेक्षा’ असावा. ‘घसरली’, ‘घसरलेली आहे’ आणि ‘घसरत चालली आहे’ ह्यांतला फरक राखलेला असावा. आणि पुढे काय, केव्हा व कोणी करावयाचे हे कर्त्यासह यावे. ‘कार्यमान-ऱ्हास : क्षेत्र सी’ ह्या नोंदीत ह्यांपैकी काहीच नाही. ‘संपीडकाची कार्यक्षमता, तापमानाचा हिशेब करूनही, गेल्या धुण्यानंतरच्यापेक्षा घसरत चालली आहे, पाळीच्या प्रमुखाने ह्या आठवड्यात धुणे नेमावे’ ह्या वाक्यात सारे आहे, आणि त्यातील एकही शब्द कामगाराला परका नाही.

मराठीत ह्या व्यवहाराला साजेसा एक जुना शब्दही आहे. फारसीतील ‘निगाह’ म्हणजे दृष्टी. मराठीत तिची ‘निगा’ झाली आणि अर्थ झाला सांभाळ. पाहणे आणि राखणे ही दोन कामे ह्या शब्दात वेगळी राहिलेली नाहीत. यंत्रावर केवळ नजर ठेवणे म्हणजे निगा नव्हे. जे दिसले त्याप्रमाणे वेळेवर हात चालला तरच ती निगा होय.