कथेत न मावणारा बाबुराव बागूल

नाशिकचा साहित्यिक नकाशा काढायला बसलं, की पहिली खूण तिळभांडेश्वर गल्लीत कुसुमाग्रजांच्या नावाने पडते, दुसरी वसंत कानेटकरांच्या. नाशिकरोडला खेटून असलेल्या विहितगावापर्यंत पेन्सिल सहसा पोचत नाही. तिथे 17 जुलै 1930 रोजी बाबुराव बागूल जन्मले. त्याआधी साडेचार महिने, 2 मार्चला, काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. तो काही वर्षं चालला, मंदिराचं दार दलितांना काही उघडलं नाही, आणि 1935 मध्ये याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. बागुलांचं पुढचं सगळं लेखन, विषय मुंबईचा असो की गावाकडचा, त्या बंद दाराच्या अलीकडच्या माणसांचं आहे.

लहान वयातच ते मुंबईला माटुंगा लेबर कॅम्पात आले. कामगार चळवळ आणि आंबेडकरी चळवळ तिथे एकाच गल्लीत नांदत होत्या, आणि बागुलांच्या विचारात मार्क्स आणि आंबेडकर पुढेही शेजारीच राहिले. मॅट्रिकनंतर मिळेल ते काम केलं, रेल्वेची नोकरीही केली. 1963 मध्ये ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह आला, 1969 मध्ये ‘मरण स्वस्त होत आहे’. दुसऱ्याला राज्य सरकारचा हरिनारायण आपटे पुरस्कार मिळाला. एव्हाना नोकरी सुटली होती आणि बागूल पूर्णवेळ लेखक झाले होते.

या दोन संग्रहांवर मराठी समीक्षेने भरपूर लिहिलं. त्यात एक तक्रार पुन्हा पुन्हा भेटते: भाषा भडक आहे, विशेषणांची रास आहे, पात्रं बोलण्याऐवजी भाषणं करतात. तक्रार खोटी नाही. बागुलांच्या काही कथांत शेवटची दोन पानं कुणी कापली असती तर बरं झालं असतं. पण मूळ अडचण वेगळी आहे असं मला वाटतं. बागुलांची नजर कादंबरीकाराची होती आणि ती कथेच्या मापात बसत नव्हती. एकेका कथेत ते वस्ती, कारखाना, पोलीस, दारू, बाई, बाप, पुराण आणि क्रांती इतकं सगळं आणतात. नवकथेच्या काळात एखादा क्षण पकडून थांबणं हे कौशल्य मानलं जात होतं. बागुलांना थांबायचंच नव्हतं.

‘आई’ ही कथा पाहा. वर्गात मास्तर आईवरची कविता शिकवतायत, पांडू हरखून ऐकतोय. थोड्याच वेळात मुलं त्याच्या आईबद्दल नको ते बोलतात. बाप क्षयाने गेलेला, जिवंतपणी संशयाने तिला मारणारा. आता मुकादम तिच्या भोवती आहे. इथे सामान्य लेखकाने दोनपैकी एक केलं असतं: आईला देवी करून मुकादमाला राक्षस केलं असतं, किंवा गरिबीने तिला कसं बिघडवलं ते सांगितलं असतं. बागूल तिला तिचं शरीर देतात, तिची तहान देतात, चांगलं नेसायची हौस देतात, आणि पोराचा संतापही तितकाच खरा ठेवतात. दोघंही बरोबर आहेत, म्हणून कथा सहन होत नाही. कवितेतली आई चिरेबंदी घरातली होती, एवढंच वाचकाच्या लक्षात येतं, तेही बागुलांनी न सांगता.

पीडित माणूस असा गुंतागुंतीचा ठेवायचा की नाही, हा वाद अमेरिकेतही झाला. तिथे रिचर्ड राइटची ‘नेटिव्ह सन’ ही कादंबरी 1940 मध्ये आली. 1949 मध्ये जेम्स बाल्डविनने निषेधाच्या कादंबरीवरच हल्ला चढवला, त्यात राइटही सुटला नाही. अशी कादंबरी माणसाला त्याच्या दुःखाच्या साच्यात कोंबते, त्याचं गुंतागुंतीचं माणूसपण हिरावून घेते, असं त्याचं म्हणणं होतं. साठीनंतर औरंगाबादेत म. ना. वानखेडे आणि त्यांच्या मित्रांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख मराठीला करून दिली, पण बाल्डविनचा हा आक्षेप आपल्याकडे फारसा चर्चेला आला नाही. आला असता तर बागुलांच्या बाजूने वापरता आला असता. त्यांचे मवाली, गुंड, वेश्या नुसते पीडित नाहीत. ते लबाड आहेत, वासनेने पेटलेले आहेत, क्रूरही आहेत.

‘जेव्हा मी जात चोरली होती’ या शीर्षककथेचीही तुलना तिकडे करता येते. गोरी म्हणून खपून जाणाऱ्या काळ्या स्त्रीची गोष्ट नेला लार्सनने 1929 मध्ये ‘पासिंग’मध्ये लिहिली. तिथे रंग दगा देऊ शकतो. जात कातडीवर दिसत नाही, म्हणून ती विचारावी लागते: भाड्याची खोली घेताना, जेवायला बसताना, दोस्ती वाढताना. त्यामुळे बागुलांच्या कथेत भीती डोळ्यांपेक्षा कानांवाटे येते. जेरी पिंटो यांच्या अनुवादाने 2018 मध्ये हा संग्रह इंग्रजीत गेला, हे चांगलंच झालं. पण त्यामुळे बागूल म्हणजे हाच एक संग्रह, ही समजूतही पक्की झाली.

कादंबऱ्यांकडे मात्र पाठच फिरवली गेली. ‘सूड’ 1970 ची. जानकीला जन्माने लादलेलं आयुष्य झुगारायचं आहे आणि त्यासाठी ती बाईपणच नाकारायला निघते. ही छोटी कादंबरी निर्दोष नाही. जानकी कधीकधी माणूस कमी आणि प्रतीक जास्त होते. तरी दलित लेखकाने जातीच्या प्रश्नाला लिंगाचा प्रश्न इतक्या लवकर भिडवला, याची नोंद आपल्या स्त्रीवादी समीक्षेने ठळकपणे घ्यायला हवी होती. ‘अघोरी’, ‘कोंडी’ यांच्या वाट्याला तर त्याहून कमी चर्चा आली.

याचं एक कारण काळाचं आहे. 1978 मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’ आलं, मग 1980 मध्ये लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’, 1984 मध्ये शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’. वाचकांना खरंखुरं घडलेलं हवं झालं. दलित लेखकाने साक्ष द्यावी, कल्पना करू नये, असा अलिखित करार होऊन बसला. बागूल त्या करारात बसत नव्हते. दलित साहित्य हे माणसाचं साहित्य, माणूस हाच त्याचा नायक, ही त्यांची भूमिका होती, आणि माणसाबद्दल कल्पना करण्याचा हक्क त्यात आलाच. ‘दलित साहित्य: आजचे क्रांतिविज्ञान’ या पुस्तकाचं नावच सांगतं की साहित्याकडून त्यांची अपेक्षा किती मोठी होती. जरा जास्तच मोठी, असंही म्हणता येईल.

26 मार्च 2008 ला बागूल नाशिकमध्येच गेले. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ त्यांच्या नावाने नव्या कथाकारांना पुरस्कार देतं. तो कथेला आहे, कादंबरीला नाही. दरम्यान नाशिकच्या सातपूर-अंबड भागातल्या कारखान्यांत कंत्राटी कामगारांची दुसरी पिढी आली, द्राक्षबागांतल्या मजूर टोळ्या दर हंगामाला येतात-जातात. या माणसांवर कविता येतात, एखादी कथा येते. बागुलांच्या मापाची कादंबरी अजून माझ्या वाचनात आलेली नाही.