बहुद्वारी विद्युत् जालांचे संश्लेषण : एच. नारायणन यांच्या ग्रंथाचे चिकित्सक अवलोकन

दिलेल्या विद्युत् जालाचे वर्तन शोधणे हे विश्लेषण, तर अपेक्षित वर्तनावरून जाल रचणे हे संश्लेषण होय. फॉस्टर (१९२४) व ब्रून (१९३१) यांच्या कार्याने एकद्वारी जालांच्या संश्लेषणाचा पाया घातला. द्वारे अनेक झाली की वर्तन मॅट्रिक्सने मांडावे लागते आणि प्रश्नाचे स्वरूप पालटते. केवळ रोधांचे जाल घेतले, तरी हे स्पष्ट होते. आदर्श ट्रान्सफॉर्मरची मुभा असल्यास मॅट्रिक्स सममित असणे आणि व्यय होणारी शक्ती ऋण नसणे एवढे पुरते. ट्रान्सफॉर्मर वर्ज्य केल्यास सेडरबॉम यांची १९५८ मधील अट लागू होते : प्रत्येक मुख्य उपनिश्चयक त्याच ओळींतील अन्य कोणत्याही उपनिश्चयकाच्या निरपेक्ष मूल्याहून लहान नसावा. तीन द्वारांपर्यंत ही अट पुरेशी आहे. त्यापुढे ती आवश्यक असली, तरी पुरेशी नाही.

या पार्श्वभूमीवर पवईच्या आय. आय. टी.मधील एच. नारायणन यांचा 'सबमॉड्युलर फंक्शन्स अँड इलेक्ट्रिकल नेटवर्क्स' (१९९७) हा ग्रंथ महत्त्वाचा ठरतो. १९७४ च्या त्यांच्या पीएच.डी. प्रबंधापासूनच मॅट्रॉइड व विद्युत् जाल यांचा संबंध हा त्यांच्या चिंतनाचा विषय होता. प्रस्तुत ग्रंथात जालाची जोडणी व घटकांचे गुणधर्म यांचा स्वतंत्र विचार केला असून, किर्चहॉफचे दोन नियम परस्परांना लंब अशा सदिश अवकाशांच्या रूपाने येतात. जाल दोन भागांत विभागताना किमान किती द्वारे लागतील, हे जोडणीच्या कोटीवरूनच ठरते. उदाहरणार्थ, दोन सलग भाग चार बिंदूंत मिळत असतील तर तीन द्वारे पुरतात. आतील रोधांची मूल्ये पाहण्याची गरज पडत नाही.

ग्रंथाचे सामर्थ्य येथे आहे आणि मर्यादाही येथेच आहे. सदिश अवकाशाला धन-ऋण भेद ठाऊक नसतो. प्रत्यक्षातील रोध मात्र ऋण असू शकत नाही. त्यामुळे विभाजनाचा प्रश्न ही पद्धती समर्थपणे सोडवते, पण सेडरबॉम यांचा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहतो. विभाजन हे संश्लेषणाचे उलट रूप आहे असा समज त्यामुळे टिकत नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने हा भेद मोलाचा आहे. एकद्वारी जालांच्या ठरावीक कृती पाठ करून घेतल्याने विद्यार्थ्याला उत्तर मिळते; परंतु कोणते घटक वापरण्याची मुभा आहे, यावर उत्तराचे अस्तित्वच अवलंबून असते, हे त्याच्या ध्यानी येत नाही. नारायणन यांचा ग्रंथ सेडरबॉम यांच्या अटीसोबत वाचल्यास ही उणीव भरून निघू शकते.