अँथनी गोन्साल्विस : वाद्यवृंदकार आणि संगीतशिक्षक

प्रस्तावना :
हिंदी चित्रपटसंगीताची समीक्षा प्रामुख्याने संगीतकार, गीतकार व पार्श्वगायक यांच्याभोवतीच फिरत राहिली. चालीला वाद्यवृंदाचे रूप देणारा संगीत-संयोजक मात्र श्रेयनामावलीत बहुधा अनुल्लेखित राहिला. अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) यांची कारकीर्द हे या उपेक्षेचे ठळक उदाहरण होय.

जडणघडण व अध्यापन :
दक्षिण गोव्यातील माजोर्डा हे त्यांचे गाव. चर्चच्या संगीतपरंपरेतून त्यांना पाश्चात्त्य स्वरलिपीचे संस्कार लाभले. १९४३ मध्ये मुंबईस आल्यावर ते नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक म्हणून दाखल झाले. संगीतकाराने गाऊन दाखविलेली चाल अनेक वादकांनी एकाच वेळी वाजवायची, तर ती लिहिली जाणे अपरिहार्य होते. गोव्याच्या वादकांनी ही गरज भागविली. प्यारेलाल व राहुल देव बर्मन यांनी गोन्साल्विस यांच्याकडे संगीताचे धडे घेतले. म्हणजेच त्यांचे अध्यापन पुढील पिढीच्या वाद्यवृंदरचनेत झिरपले.

रागसंगीत आणि वाद्यवृंद :
रागात एका वेळी एकच स्वरधारा वाहते व प्रत्येक स्वराचे नाते षड्जाशी असते. पाश्चात्त्य स्वरसंवादात अनेक स्वर एकत्र उमटतात. त्यामुळे रागात वर्ज्य असलेला स्वर शिरण्याचा धोका संभवतो. हा पेच गोन्साल्विस यांनी स्वीकारला. ‘सोनातिना इंडियाना’सारख्या रचना त्यांनी केल्या. १९५८ मध्ये त्यांनी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभारला. त्यात लता मंगेशकर व मन्ना डे यांचे गायन झाले. तथापि या प्रयोगाला स्थायी संस्थेचे रूप लाभले नाही, ही त्याची मर्यादा मान्य करावी लागते. १९६५ मध्ये ते अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. परतल्यावर चित्रपटसृष्टीत न जाता ते माजोर्ड्यात स्थिरावले.

समारोप :
‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील गाण्याने त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे हे गीत म्हणजे शिष्याने गुरूला दिलेली मानवंदनाच होती. परंतु बहुसंख्य श्रोत्यांनी ते एका विनोदी पात्राचे नाव मानले. नाव सर्वपरिचित आणि कार्य अपरिचित, असा हा विरोधाभास आहे. केवळ नामावलीतील श्रेयावरून कलावंताचे मोल ठरविल्यास संयोजक व शिक्षक हे दोघेही निसटतात. म्हणून चित्रपटसंगीताच्या अभ्यासात ध्वनिमुद्रणाइतकेच स्वरलिपीच्या वह्यांना आणि गुरु-शिष्य संबंधांनाही साधन म्हणून स्थान देणे अगत्याचे ठरते.