कोळशाच्या गावात साधनसंपत्तीचा धडा

पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीने शिकवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिला. पदवीच्या वर्गांपर्यंत तो पोचायला आणखी बारा-तेरा वर्षे लागली. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी ५० तासिकांचा अभ्यासक्रम आखला. ८ तासिका नैसर्गिक साधनसंपत्तीला, ५ वर्गाबाहेरच्या कामाला. १०० पैकी २५ गुण क्षेत्रकार्याचे. सोबतचे इंग्रजी पाठ्यपुस्तक एराक भरूचा यांनी लिहिले. ते पेशाने शल्यचिकित्सक, पण रानावनात हिंडलेले. पुस्तकात ते जाणवते. २०२३ मध्ये आयोगाने नवी चौकट दिली. तिच्यातही साधनसंपत्ती आणि क्षेत्रकार्य आहेतच, म्हणून जुन्या धड्याची चिकित्सा अजून कालबाह्य झालेली नाही.

ही चिकित्सा वणीसारख्या गावात बसून करावी. आपले बहुतेक विद्यार्थी मूळ पुस्तक वाचत नाहीत, मराठी गाइड वाचतात. त्यात पहिल्याच पानावर तक्ता असतो: माती, पाणी, वने ही नवीकरणीय, कोळसा, चुनखडी ही अनवीकरणीय. तक्ता पाठ केला की गुण मिळतात. आता उकणी किंवा निलजईची उघडी खाण डोळ्यांसमोर आणा. कोळशापर्यंत पोचायला आधी वरची काळी माती काढावी लागते, मग मुरूम, मग वालुकाश्म. सेंटिमीटरभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. ती ढिगाऱ्याखाली गेली की त्या शेतकऱ्याच्या लेखी कायमची संपली. पाण्याचेही तेच. खाणीचा तळ भूजलाच्या पातळीखाली गेला की भोवतालच्या खडकातले पाणी खड्ड्यात झिरपते, आणि काम चालू ठेवायचे तर पंप सतत चालवावे लागतात. आसपासच्या विहिरींची पातळी त्यामुळे उतरू शकते. पाऊस दरवर्षी पडतो हे खरे, पण ज्या थरांत तो साठायचा तेच फोडले गेले तर?

म्हणजे ‘नवीकरणीय’ हा पदार्थाच्या अंगचा गुण नसून दोन वेगांमधला हिशेब आहे. किती वेगाने तयार होते आणि किती वेगाने उपसतो? तक्त्यात हा प्रश्नच येत नाही.

दुसरा आक्षेप ‘संवर्धन’ या शब्दावर. राजूरची जुनी खाण भूमिगत पद्धतीची. अशा खाणीत छत तोलून धरण्यासाठी कोळशाचेच खांब सोडावे लागतात, आणि त्यांत बराच कोळसा अडकून राहतो. उघड्या खाणीत जवळजवळ सगळा कोळसा हाती येतो, पण वरची जमीन जाते. देशात १९७४ पासून कोळसा खाणींच्या संवर्धन व विकासाचा स्वतंत्र कायदा आहे. कोळसा वाया जाऊ देऊ नये, असे त्यातल्या ‘संवर्धना’चे मुख्य सूत्र. मग कोळशाचे संवर्धन आणि मातीचे संवर्धन एकमेकांविरुद्ध उभे राहिले तर निवड कोणी, कशाच्या आधारे करायची? वणीच्या वर्गात हा प्रश्न तासभर चालावा. परीक्षेत मात्र विचारतात, ‘संवर्धनाचे महत्त्व सांगा.’

राजूरच्याच चुनाभट्ट्या घ्या. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो, ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि यात जळणाचा धूर धरलेलाच नाही. हे बारावीचे रसायनशास्त्र. तरीही भट्टीजवळून रोज येणाऱ्या मुलाला वहीतले ते समीकरण आणि ही भट्टी एकच आहेत, असे सहसा कोणी सांगत नाही.

याच घटकात शेवटी दोन मुद्दे होते: संवर्धनात व्यक्तीची भूमिका, आणि साधनसंपत्तीचा समन्यायी वापर. पहिला सोपा. नळ बंद करा, दिवे मालवा. त्यावर निबंध येतात, घोषवाक्ये येतात. दुसरा बहुधा उरकला जातो. या खोऱ्यातला कोळसा चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात जळतो, वीज राज्यभर जाते. धूळ आणि राख इथेच राहते. हे सांगायला शिक्षकाला संकोच वाटतो. वर्गात खाणीत नोकरी असलेल्यांची मुले असतात आणि जमीन गेलेल्यांचीही. संकोच मी समजू शकतो. पण म्हणूनच मोजमाप हवे.

विदर्भातल्या एका महाविद्यालयात क्षेत्रकार्याच्या वह्या चाळायला मिळाल्या होत्या. बहुतेकींत वाघाची चित्रे चिकटवलेली, मजकूर एकमेकींचा उतरवलेला. त्याऐवजी चार विहिरी पुरतात: दोन खाणीजवळच्या, दोन लांबच्या. काठावर एक खूण करावी आणि वजन बांधलेल्या फितीने तिथून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे, मे महिन्यात आणि पावसाळा सरल्यावर नोव्हेंबरात. मोटार सुरू होण्यापूर्वी, सकाळीच. विहिरी शक्यतो एकाच खडकातल्या निवडाव्यात, कारण या भागात बेसाल्ट, वालुकाश्म आणि त्यांहून जुनी चुनखडी जवळजवळ आढळतात आणि प्रत्येकात पाणी वेगळे वागते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी मिळवून आपले आकडे ताडून पाहावेत.

उत्तर आधी सांगू नये. पातळी उतरलेली दिसली तर ती खाणीमुळे, कापसाला दिलेल्या पाण्यामुळे की पाऊस कमी झाल्यामुळे, हे एका वर्षाच्या आकड्यांतून कळणार नाही. निदान पाच वर्षांच्या नोंदी लागतील. वही पुढच्या तुकडीकडे जायला हवी. सध्या गुण भरले की वह्या रद्दीत जातात. तेव्हा पहिली मागणी प्राचार्यांकडे करावी लागेल ती एका कुलूपबंद कपाटाची.