मराठी कथात्म साहित्यातील घराचा धनी

पितृसत्ता, म्हणजे घरातील पैसा, निर्णय आणि माणसांचे आयुष्य यांवर पुरुषाचा हक्क गृहीत धरणारी व्यवस्था, हा मराठी कादंबरीचा आरंभापासूनचा विषय आहे. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) विधवांच्या दैन्यावरच उभी आहे. परंतु सोसणाऱ्या स्त्रीचे चित्रण जितके विपुल झाले, तितकी हुकमत गाजविणाऱ्या पुरुषाची चिकित्सा झाली नाही, आणि ही उणीव आजही भरून निघालेली नाही.

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. नायिका यमूची कहाणी तिच्याच तोंडून सांगण्याचे या कादंबरीचे धाडस वादातीत आहे. तथापि तिचे खरे मर्म रघुनाथाच्या पात्रात आहे. तो समंजस, सुधारक पती आहे आणि त्याच्या सहवासात यमूचे जग विस्तारते, पण तो जाताच ते सारे हिरावले जाते व तिचे केशवपन, म्हणजे विधवेचे मस्तक भादरण्याचा विधी, सक्तीने उरकले जाते. पतीच्या चांगुलपणावर बेतलेले स्वातंत्र्य त्याच्याबरोबरच संपते, हे आपट्यांनी ओळखले होते.

विभावरी शिरूरकर (मालतीबाई बेडेकर) यांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ने (१९३३) प्रश्न पैशाकडे वळविला. शिकलेली, मिळवती मुलगी माहेरच्या संसाराचा आधार होते, तेव्हा तिच्या लग्नापेक्षा तिचा पगार घराला अधिक मोलाचा वाटू लागतो. सत्ता येथे रागावत नाही, ती गरजेच्या आणि मायेच्या भाषेत बोलते.

उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) मात्र या संपूर्ण परंपरेत वेगळी उठून दिसते. वऱ्हाडातील शिंपी महादेव कमावता नाही, पुढे महारोगाने खंगतो, आणि त्याची बायको कौतिक मोलमजुरी करून घर ओढते. पुरुषाचा अधिकार त्याच्या कमाईतून येतो, हा समज शेळके मोडून काढतात. कमाई संपली तरी कुंकवाचा धनी म्हणून त्याची जागा अढळ राहते, आणि कौतिकही ती मनोमन मान्य करते. उपदेशाचा एकही शब्द न उच्चारता एवढे दाखविणारी दुसरी कादंबरी मराठीत सहज सापडणार नाही.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’मध्ये (१९६३) नायक पांडुरंग वडिलांच्या धाकाविरुद्ध धुमसतो आणि धाकटी बहीण मनी हिच्या मृत्यूने कोसळतो, परंतु हेच धनीपण मुलाकडे कसे उतरते, याकडे कादंबरी वळत नाही. गौरी देशपांडे यांच्या नायिका विवाहालाच प्रश्न विचारतात, तरी घर सोडण्याइतकी आर्थिक ऐपत त्यांच्यापाशी असते, आणि ती बहुसंख्य स्त्रियांपाशी नसते. ऊर्मिला पवार यांच्या कथा ही मर्यादा ओलांडतात. बाहेर जातीचा जाच सोसणारी बाई घरातही पुरुषाच्या धाकात असते, हे त्यांनी स्पष्टपणे मांडले. मेघना पेठे यांच्या ‘नातिचरामि’पर्यंत (२००५) स्त्रीचा आवाज पुरेसा निर्भय झालेला आहे.

पुरुष लेखकांनी मात्र या निर्भयतेला तोलामोलाचे उत्तर दिलेले नाही. ताट आयते मिळण्याची, शेवटचा शब्द आपलाच असण्याची सवय मुलाच्या अंगी कशी मुरते, याचे आतून केलेले निर्दय लेखन मराठी कादंबरीने आता करावयास हवे.