उन्हाळी उमेदवारी आणि खानदेशची हवा

भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने मे-जूनचे दोन महिने एखाद्या संशोधनसंस्थेत उमेदवारी करावी, ही प्रथा आता आपल्याकडे रुळली आहे. वातावरणभौतिकीची आवड असलेला जळगाव-धुळ्याचा विद्यार्थी साहजिकच पुण्याकडे पाहतो. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले आणि १९६२ साली तेथेच उष्णदेशीय मौसमविज्ञानाची संस्था स्थापन झाली. तेव्हा ही ओढ योग्यच होय. आमचा आक्षेप त्या प्रवासाला नाही. प्रवासाअखेर जे टिपण तयार होते, त्याच्या घडणीला आहे.

हे टिपण बहुधा एकाच साच्याचे असते. आरंभी जागतिक तापमानवाढीवर दोन पाने, मग युरोपीय केंद्राच्या ‘एरा-५’ या पुनर्विश्लेषणातून उतरवून घेतलेले आकडे, त्यांचे रंगीत नकाशे, आणि शेवटी मे महिन्यात जळगावचे तापमान अधिक असते, या धर्तीचा निष्कर्ष. एवढ्यासाठी खानदेशच्या माणसाला संगणकाची गरज पडू नये! यात विद्यार्थ्याचा आळस नाही. दोन महिन्यांत काही तरी ‘पूर्ण’ झालेले दिसावे अशी अपेक्षा असते, आणि तयार आकडे आठवड्याभरात हाती येतात.

मोसमी प्रवाहासारख्या विशाल घटनांच्या अभ्यासात या पुनर्विश्लेषणाचे मोल निर्विवाद आहे. परंतु त्याचा चौकोन पाव अंशाचा. आपल्या अक्षांशावर तो सुमारे २८ किलोमीटर लांब व २६ किलोमीटर रुंद भरतो. तापी आणि सातपुडा यांमधील रावेर-यावलची केळीची पट्टीच मुळी एखाद-दुसऱ्या चौकोनात सामावते. ओलिताखालची केळीची बाग आणि तिच्या शेजारची नांगरलेली काळी जमीन यांवर सूर्य सारखाच तळपतो. बागेत मात्र त्या ऊर्जेचा मोठा वाटा पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडतो; उघड्या जमिनीवर, मातीत मुरणारा भाग सोडला, तर जवळजवळ सगळी ऊर्जा हवा तापविण्यात जाते. हवा तापविणारा आणि वाफ करणारा या दोन वाट्यांचे प्रमाण म्हणजेच बोवेनचे गुणोत्तर. ते बांधाच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरे असते. चौकोनाच्या सरासरीत हा भेदच विरून जातो. साक्री-शिंदखेड्याकडील कोरडवाहू जमीनही तुलनेस घेतली, तर एकाच तापी-खोऱ्यात या प्रश्नाची दोन्ही टोके सापडतात.

उपकरणे कोठून आणावीत, असे कोणी विचारील. गुणोत्तरापुरते पाहिल्यास दोन उंचींवर कोरडा व ओला असे तापमापकांचे जोड पुरतात. अडचण निराळीच आहे. दोन उंचींमधील फरक अंशाच्या दशांशात असतो, म्हणून जोडांची वारंवार अदलाबदल करून त्यांचा अंगचा दोष घालवावा लागतो. शिवाय वारा ज्या बाजूने येतो तिकडे उपकरणाच्या उंचीच्या साधारण शंभरपट अंतर सारखेच पीक असावे लागते; आणि आपला शेतकरी तर उष्ण वाऱ्यापासून केळी राखण्यासाठी कडेने शेवरीची भिंत उभी करतो. हे नकाशात दिसत नाही, शेतात उभे राहिल्यावर कळते. प्रत्यक्ष वाटे किती, हे काढण्यास निव्वळ प्रारण मोजावे लागेल. पुण्याचे साहाय्य खरे तेथे हवे.

साध्या मोजमापातून काय निघते, याचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. निरभ्र व निर्वात रात्री सर्वांत थंड हवा उघड्या जमिनीला लागून नसते, थोडी वर असते, असे १९३२ साली रामदास व आत्मनाथन यांनी दाखविले. पुष्कळांनी तो मोजण्यातला दोष ठरविला. निरीक्षण टिकले, त्याची समाधानकारक उपपत्ती बंगळूरच्या संशोधकांनी मांडली, ती १९९० नंतरच्या दशकात.

तेव्हा उमेदवारीचा क्रम उलटा लावावा, असे आम्हांस वाटते: आधी तीन-चार आठवडे बांधावर, मग पुणे. यात दिरंगाई चालणार नाही, कारण जूनच्या मध्यास पाऊस उतरला की काळी जमीनही ओली होते आणि तुलनेची दुसरी बाजूच उरत नाही.